डायलिसिसच्या मशीनशेजारी आपल्या गावचं माणूस हवं

शिरड शहापूर आणि पंचक्रोशीतल्या माय-माऊल्यांनो, भावांनो, गुरुजनहो,

बारावी झालेलं लेकरू ज्या घरात आहे, त्या घरासाठी हे आवाहन आहे. मी याच भागातली लेक. शहरातल्या एका रुग्णालयात डायलिसिस विभागात सिस्टर म्हणून काम करते. माझं मागणं एवढंच आहे की, आपल्या लेकरांपैकी काहींना नर्सिंगला पाठवा आणि त्यांतल्या काहींना किडनीच्या रुग्णांच्या सेवेकडे वळू द्या.

किडनी फेल झाली की माणसाचा आठवडा मशीनशी बांधला जातो. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास. कुणी पहाटेच्या गाडीनं नांदेडला जातं, कुणी परभणीला, कुणी हिंगोलीला. सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे त्या दिवशी दोघांचाही रोज बुडाला. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सोय न्यायचं ठरलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतूनही डायलिसिस मोफत मिळतं. हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झालं. म्हणजे सोयी हळूहळू आपल्याकडे सरकत आहेत. मशीन निविदा काढून घेता येतं. ते चालवणारा शिकलेला, सरावलेला हात तयार व्हायला मात्र वर्षं लागतात, आणि तो हात आपल्याच गावातून गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

या कामात सिस्टरला काय काय करावं लागतं, ते बहुतेकांना माहीत नसतं. रुग्णाच्या हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे जातात. सिस्टर त्यावर बोटं ठेवते. आत रक्ताची थरथर लागली की फिस्टुला चालू आहे. ती मंदावली असेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथं सांगायचं, कारण तो हात गेला तर रुग्णाचा आधार गेला. त्या हाताला बीपी बघायचं नाही, त्यातून तपासणीचं रक्त घ्यायचं नाही, हे रुग्णाला आणि घरच्यांना पाठ होईपर्यंत सांगायचं. मग दोन जाड सुया. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. चार तासांत एका रुग्णासाठी सुमारे 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. त्या पाण्यात क्लोरीन राहिलं तर रक्तातल्या पेशी फुटतात, म्हणून पाण्याच्या तपासणीकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. वजन किती वाढलं, किती पाणी काढायचं, बीपी कधी घसरायला लागलं, पायात गोळे कधी येतात, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडतं. डॉक्टर विभागात असतात, पण त्या चार तासांत रुग्णाशेजारी सिस्टरच असते. नर्सिंगमध्ये इतकं तंत्र आणि इतकी जबाबदारी एकत्र फार थोड्या ठिकाणी मिळते.

पहिलं उपयोगी डायलिसिस मशीन विलेम कोल्फ या डॉक्टरांनी नेदरलँड्समध्ये 1943 साली, युद्धाच्या धामधुमीत उभं केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. 1945 मध्ये एक वयस्क बाई वाचल्या आणि तिथून ही वाट खुली झाली. आज तेच उपचार घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात, लेकरांची लग्नं लावतात, नातवंडं खेळवतात.

या नोकरीची खरी कमाई मला तिथंच दिसते. इतर वॉर्डात रुग्ण चार दिवसांनी घरी जातो आणि विसरतो. आमच्याकडे तोच माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं येतो. त्याच्या घरात कुणाचं बाळंतपण आहे, कापसाला काय भाव मिळाला, सून नीट बोलते की नाही, सगळं आम्हाला कळतं. दारातून आत येताना त्याची चाल पाहून आज अंगात पाणी जास्त आहे हे ओळखू येतं. सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस काही महिन्यांनी नव्यानं आलेल्या रुग्णाला धीर देताना दिसतो, तेव्हा आपल्या हातून काय घडलं ते समजतं. किडनी प्रत्यारोपणाआधी घरचे घाबरलेले असतात. देणारी बहुतेक वेळा आई नाहीतर बायको असते. तिच्या मनातली भीती ती डॉक्टरांपुढे बोलत नाही, सिस्टरपुढे बोलते.

आणि इथंच आपल्या भागातलं माणूस लागतं. वसमत-अर्धापूर म्हणजे केळीचा मुलूख. किडनी निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि केळात पोटॅशियम भरपूर. "पोटॅशियम कमी करा" असं सांगून आपल्या आजोबांना काय कळणार? त्यांना सांगावं लागतं, केळी नको, नारळपाणी नको, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. लोणचं-पापड बंद, कारण मीठ वाढलं की तहान वाढते. हळद शिजवायच्या दिवसांत उन्हातून आलेल्या माणसाला पाणी मोजून प्या म्हणणं किती अवघड आहे, हे ज्यानं ते ऊन पाहिलं आहे त्यालाच समजतं. आपली बोली बोलणारी सिस्टर असली की रुग्ण लपवत नाही. "सिस्टर, काल लग्नात जेवलो" हे त्यानं खरं सांगितलं तरच उपचार नीट होतो.

हे काम मशीनच्या आधीही सुरू होतं. किडनी बिघडण्याची सगळ्यांत मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. त्यात कंबर दुखली, पाठ धरली की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून महिनोन्‌महिने खायची सवय. किडनी बरीच खराब होईपर्यंत दुखत-खुपत काहीच नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे. नर्सिंग शिकलेल्या मुलामुलींना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. अशा अधिकाऱ्यानं साखर आणि बीपी असलेल्या माणसाला लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन वेळेवर तपासायला लावलं, तर कितीतरी जणांची मशीनची वेळ पुढं ढकलली जाईल. काहींवर ती येणारही नाही.

आता वाट सांगते. एएनएम दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. त्याचे प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात, फॉर्मच्या तारखा चुकवू नका. जीएनएम आणि बी.एस्सी. मुलांनाही खुलं आहे. डायलिसिस विभागात ब्रदर फार उपयोगी पडतात, तेव्हा मुलग्यांच्या बापांनीही हे मनावर घ्यावं. शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग मोठ्या रुग्णालयात किडनी विभाग मागून घ्यायचा.

एक कळकळीची विनंती. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे फलक लावणाऱ्यांच्या दारात पैसे ओतू नका. कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी बघा. मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, आणि दोन एकराच्या पिकाचा पैसा गेलेला परत येत नाही.

पगाराबद्दल गोड बोलून फसवणार नाही. कंत्राटी जागा आहेत, खाजगीत सुरुवातीला पैसे कमी मिळतात, उभं राहून पाय दुखतात. वर्षानुवर्षं ओळखीचा झालेला रुग्ण एके दिवशी येत नाही, तेव्हा दुपारचं जेवण जात नाही. तरीही डायलिसिस येणारी सिस्टर रिकामी बसलेली मी पाहिली नाही. अनुभव वाढला की विभागाची प्रमुख होता येतं, प्रत्यारोपण समन्वयक होता येतं, परदेशाची वाटही मोकळी असते.

सासरच्या माणसांनाही हात जोडून सांगते. एएनएम-जीएनएम झालेल्या कितीतरी सुना लग्नानंतर घरी बसल्या आहेत. नोंदणीचं नूतनीकरण करून त्यांना कामावर जाऊ द्या. रात्रपाळीची शंका असेल तर रुग्णालयात जाऊन विचारा. नियमित डायलिसिसच्या पाळ्या बऱ्याच ठिकाणी दिवसाच असतात.

शाळा-महाविद्यालयातल्या गुरुजनांनी मार्च महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक मूत्रपिंड दिनाला, जवळच्या डायलिसिस केंद्रातली एखादी सिस्टर वर्गात बोलवावी. ग्रामपंचायतीनं त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या मदतीनं बीपी-साखरेची तपासणी ठेवावी. गरीब घरातल्या एखाद्या मुलीची पहिल्या वर्षाची फी गावानं वर्गणीतून भरली तर मीही माझा वाटा घालीन. आणि निकाल लागल्यावर ज्या मुलामुलींच्या मनात हे येईल, त्यांनी आधी आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना भेटावं, जमलं तर परवानगी घेऊन एक दिवस डायलिसिस विभागात बसून यावं, आणि मगच फॉर्म भरावा.