७५ सेंटचा हिशेब

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने सोडला नाही. शोध घेता बाहेरून कुणीतरी संगणकात घुसत असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्याने एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे टर्मिनल आणि प्रिंटर गोळा करून बाहेरून येणाऱ्या लाइनींना जोडले. घुसखोर टाइप करत असलेली प्रत्येक आज्ञा कागदावर उमटू लागली. माग थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला.

‘द कुकूज एग’ (१९८९) हे त्याचे पुस्तक या वाचनयादीत पहिले आहे, आणि ते योग्यच आहे. घुसखोर अनेक ठिकाणी कारखान्यातून आलेल्या, कधीच न बदललेल्या पासवर्डने आत शिरला होता. आजही अनेक घरांतल्या वायफाय राउटरवर ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड तसाच राहिलेला असतो. पुस्तक मिटून वाचकाने आधी तो बदलावा.

केव्हिन मिटनिकचे ‘द आर्ट ऑफ डिसेप्शन’ (२००२) फोनवरच्या गोड बोलण्याने पासवर्ड कसे काढले जातात ते दाखवते. ‘बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा’ हे ऐकलेल्या प्रत्येकाने ते वाचावे.

स्वतः काही जोडून पाहण्याची हौस असेल, तर चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या ‘कोड’ला पर्याय नाही. रात्री टॉर्चने एकमेकांना खुणा करणाऱ्या मुलांपासून ते सुरू होते आणि बॅटरी, तार, दिवा, रिले करत आकडे मिळवणाऱ्या यंत्रापर्यंत नेते. पहिली प्रकरणे वाचताना शेजारी दोन सेल, थोडी तार आणि एक छोटा दिवा जरूर ठेवावा.