सूर्य मावळायच्या आधीचं ताट



मागच्या जूनमध्ये लेक-सुनेबरोबर आम्ही ग्रीसला जाऊन आलो. सँटोरिनी बेटावर सूनबाईने सूर्यास्ताची बोट ठरवली होती. मोठ्या जहाजाची नाही, बारा माणसांची कॅटामरान. दोन अरुंद होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकाव्यात तशी ही बोट असते. दुपारी तीनला निघायचं, बेटाला वळसा घालायचा, बोटीवरच जेवायचं आणि ईया गावाखाली उभं राहून सूर्य बुडताना बघायचा. ऐकायला किती छान! माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न आला, जेवण किती वाजता?

माझा रात्रिभोजनाचा त्याग लग्नाआधीपासूनचा. आमचे हे म्हणाले, "एक दिवस चालवून घे, इथे कोण बघतंय?" मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आपल्यातल्या कितीतरी जणी परदेशात नियम गुंडाळून ठेवतात आणि घरी येऊन प्रायश्चित्त घेतात. दुसऱ्या काही जणी "तुम्ही जा, मी खोलीवर बसते" म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. खोलीवर बसण्यात नियम पाळल्याचं समाधान असतं, पण त्यात थोडा रुसवाही मिसळलेला असतो. मी बसलेय, म्हणून सांगते.

खरं तर उन्हाळ्यात ग्रीसमध्ये हा नियम आपल्याकडच्यापेक्षा सोपा आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे सात-सव्वासातलाच. दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं आधी आटपायचं म्हटलं तरी पावणेआठपर्यंत वेळ मिळतो. सकाळी सहाला परत सूर्य हजर. नियम सूर्याचा आहे, घड्याळाचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कळलं मात्र तिथे. घोटाळा एवढाच की या बोटींवर जेवण मुद्दाम सूर्यास्ताच्या जवळ नेतात, कारण लोकांना ते तसंच हवं असतं.

म्हणून आदल्या दिवशी सूनबाईकडून बोटवाल्यांना लिहून कळवलं: माझं ताट साडेसहाला, बाकीच्यांचं त्यांच्या वेळेला. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा आणि मध नको. बारा जणांच्या बोटीत हे जमतं. दीडशे जणांच्या बोटीत रांगेत उभं राहून कोणाला सांगणार? लहान बोटीचे पैसे जास्त पडतात, पण माझ्या मते आपल्यासारख्यांनी तिथे काटकसर करू नये.

बोटीवर शेगडी एकच होती. तिच्यावर कोंबडी आणि कोळंबी भाजली जाणार होती. बोटीवरचा पोरगा प्रेमाने म्हणाला, तुमच्यासाठी वांगी-मिरच्या भाजतो. मी नको म्हटलं. त्याचा चेहरा पडला, मलाही अवघडल्यासारखं झालं. मग सूनबाईने समजावलं तेव्हा तो हसून म्हणाला, "निस्तीसिमो!" त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही उपासाचे दिवस खूप, आणि उपासाला चालणाऱ्या पदार्थाला ते असं म्हणतात. त्याची आजी ईस्टरआधी कित्येक आठवडे मांस, दूध, अंडं शिवत नाही. हा शब्द लक्षात ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्यांच्या उपासाला कांदा-लसूण चालतात, कोळंबीही चालते.

मला टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह, ब्रेड आणि फावा मिळाला. फावा म्हणजे तिथल्या पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, आपल्या लाखोळीच्या जातकुळीतलं. वरचा चिरलेला कांदा न घालता दिलं आणि फार चवीचं होतं. फेटा चीज मी घेतलं नाही. ते पारंपरिक पद्धतीने कोकराच्या किंवा करडाच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आपल्या कितीतरी जणी "दुधाचंच तर आहे" म्हणून खातात.

जेवून पाणी प्यायले आणि मोकळी झाले. समोर काळे-तांबडे सरळसोट कडे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून बेटाचा मधला भाग समुद्रात बसला, त्याच्या या कडा. त्या राखेखाली आक्रोतिरी हे गाव आख्खं सापडलं, पण माणसांचे सांगाडे नाहीत. लोक वेळेवर निघून गेले असावेत, असं मानतात. भरलेली कोठारं आणि रंगवलेल्या भिंती सोडून.

सव्वाआठला बाकीचे ताटं घेऊन बसले. सूर्य टेकला तेव्हा निम्मेजण शेगडीकडे पाठ वळवून वाढून घेत होते. मी हात जोडून णमोकार म्हटला. ह्यांच्या हातात ताट होतं, पण ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत.

एक राहिलंच. फिराच्या जुन्या बंदरातून वर गावात यायला सुमारे सहाशे पायऱ्या आहेत आणि त्या उन्हात गाढवं-खेचरं माणसं वाहतात. ग्रीक सरकारने 2018 मध्ये त्यांच्यावरच्या ओझ्याला मर्यादा घातली, तरी त्यांच्या पाठीवर बसायला माझं मन झालं नाही. शेजारीच केबल कार आहे.