आमची बाग : काळ्या डोळ्यांची सूझन

श्रीवर्धनच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस असें विचारलें आहे कीं, 'ब्लॅक आइड सूझन' ह्या नांवाची बियांची पुडी मुंबईहून मागविली, वेल येणार म्हणून पडवीपुढें मांडव घातला, आणि उगवलीं तीं गुडघ्याएवढीं, खरखरीत पानांचीं झुडपें. तेव्हां ही दुकानदाराची फसवणूक समजावी काय? दुकानदाराचा ह्यांत दोष दिसत नाहीं. ह्या एका नांवाखालीं दोन अगदीं निराळ्या वनस्पती बागेंत नांदतात, आणि दोहोंच्या फुलांचा मध्यभाग काळसर असतो एवढेंच काय तें त्यांचें साम्य.

पहिली रुडबेकिया. ही उत्तर अमेरिकेच्या माळरानांतली. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ह्यांच्या कुळांतली. पिवळ्याधमक पाकळ्या, मध्यें काळपट तपकिरी उंचवटा, आणि पानांवर व खोडावर राठ लव. अमेरिकेंतील मेरीलंड राज्यानें १९१८ सालीं हिला आपलें राज्यपुष्प ठरविलें. दुसरी थनबर्जिया; ही पूर्व आफ्रिकेंतली वेल. हिचें फूल नारिंगी किंवा पिवळें, आणि गळ्याशीं काजळाचें बोट लावल्यासारखा जांभळट काळा डाग. कूळ पाहूं गेल्यास ही आपल्या अबोलीची, कोरांटीची आणि अडुळशाची नातलग आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, दोघींचीं शास्त्रीय नांवें एकाच गुरुपरंपरेंतलीं आहेत. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस हा १७३० सालीं स्वीडनमधील उप्साला येथें प्राध्यापक रुडबेक ह्यांच्या घरीं मुलांचा शिक्षक म्हणून राहिला होता. ह्या रुडबेकांच्या वडिलांनीं १६५५ सालीं तेथील वनस्पतिउद्यान स्थापिलें होतें. त्या पितापुत्रांची आठवण म्हणून लिनियसनें अमेरिकेच्या ह्या झाडास रुडबेकिया म्हटलें. आणि थनबर्ग हा लिनियसचा शिष्य. तो झाडें धुंडाळीत आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापासून थेट जपानपर्यंत जाऊन आला. राहतां राहिली सूझन. जॉन गे ह्या इंग्रज कवीचें १७२० सालचें एक गीत आहे. त्यांत जहाजावर निघालेल्या खलाशाचा निरोप घेणाऱ्या मुलीचें हें नांव आहे, आणि फुलास तें तेथूनच मिळालें असें पुष्कळांचें मत आहे. किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांस तें अगदींच परकें वाटूं नये.

परंतु ह्या भगिनींच्या पत्रांत खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत आहे. त्या लिहितात कीं, "मामंजी म्हणतात, जेथें पोफळी पडल्या तेथें फुलें कसलीं लावतां?"

हे शब्द आम्हांस बराच वेळ सोडीनात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें आणि मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन ह्या भागांतील नारळीपोफळींचीं आगरें त्या एका दुपारीं आडवीं झालीं. ज्या आगरांत भर दुपारीं ऊन जमिनीला शिवत नसे, तेथें आकाश उघडें पडलें. पोफळ लावल्यापासून फळास यावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि भरात यावयास त्याहूनही अधिक. ज्यानें वडिलांनीं लावलेलीं झाडें मोडतांना पाहिलीं आणि उतारवयांत पुन्हां रोपें लावलीं, त्याला त्या जागीं रंगीबेरंगी वाफा दिसला तर खुपणें स्वाभाविक आहे. मामंजींचें म्हणणें हंसण्यावारी नेऊं नये. तें मनांत धरूनच फुलें लावावींत, आणि सुदैवानें रुडबेकियेचा स्वभाव त्याला सोयीचा आहे.

तो असा. हिला दिवसांतून निदान सहा तास थेट ऊन पाहिजे. भरल्या आगरांत ही कधीं धरली नसती. कोंकणांत हिला हंगामी झाड समजावें. भाद्रपद संपून पावसाचा जोर ओसरला कीं पेरावी, पौष-माघांत फुलावी, आणि फाल्गुन सरतां सरतां उपटून टाकावी. समुद्रालगतच्या विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होऊं लागतें आणि गोड्या पाण्याची प्रत्येक घागर पोफळीच्या रोपांच्या आळ्यांत गेली पाहिजे, हें आगरवाल्यास सांगावयास नको. त्या दिवसांत रुडबेकिया पाणी मागावयास उभीच नसते. केळींच्या सांवलींत रोपें वाढत असतात, त्यांच्या ओळींमधली उघडी जागा गवत तरी व्यापणारच. तेथें आळ्यापासून दोन हात सोडून हीं झुडपें लावलीं तर पोफळीच्या मुळांस हात लागत नाहीं. हें सर्व मामंजींस समजावून सांगावें. आणि पहिला वाफा कोठें करावा तें त्यांनाच विचारावें, असें आम्ही सुचवितों.

आतां लावणीविषयीं. बीं फार बारीक असतें व त्यास उगवावयास उजेड लागतो. म्हणून खोल पेरूं नये. वाळू व कुजलेला पालापाचोळा समभाग घेऊन पसरट कुंडी भरावी, बीं वर भुरभुरावें, हाताच्या तळव्यानें अलगद दाबावें आणि पाणी हातानें शिंपडावें. एक ते तीन आठवड्यांत अंकुर येतात. चार-सहा पानें फुटलीं म्हणजे वीतदीड वीत अंतरावर रोपें हलवावींत. दाटी करण्याचा मोह होतो, पण आपल्या दमट हवेंत दाटीनें पानांवर भुरी धरते. वारा खेळता राहिला पाहिजे. वारा म्हणजे समुद्रावरचा खारा वारा नव्हे. त्यासाठीं गडग्याच्या आडोशाची जागा पाहावी. शेणखत पेरणीपूर्वीं थोडें, पुढें नाहीं. खत अधिक झालें कीं झाड पानांनीं माजतें, उंच होऊन कलंडतें, आणि फुलें थोडीं. किनाऱ्याची वाळूमिश्रित जमीन हिला मानवते. पाणी तुंबणारी जागा मात्र वर्ज्य. मूळ कुजलें कीं उपाय नाहीं. पाणी मुळाशीं, सकाळच्या वेळीं, दोन दिवसांआड पुरे. सुकलेलीं फुलें देठासकट खुडीत गेल्यास नव्या कळ्या पुष्कळ दिवस येत राहतात. हें काम मुलांवर सोंपवावें; तीं तें आवडीनें करतात, फक्त कळ्या आणि सुकलीं फुलें ह्यांतला भेद एकदां दाखवावा लागतो.

मांडव घातलाच आहे, तर त्यावर थनबर्जिया चढवावी. तिचें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून अर्धा इंच खोल लावावें; वेल सहा-आठ फूट सहज जाते. पण एक ताकीद आहे. ऑस्ट्रेलियांत आणि हवाई बेटांवर ही वेल बागेंतून निसटली आणि रानांत माजली. आपल्याकडे जेथें पाऊस भरपूर पडतो, तेथें तिला मोकळें सोडणें शहाणपणाचें नाहीं. पोफळीच्या वा केळीच्या रोपावर तिचा एक शेंडाही जाऊं देऊं नये. पावसाळ्यापूर्वीं हातभर ठेवून छाटावी, आणि पक्ष्याच्या चोंचीसारखीं तिचीं बोंडें तडकण्याआधीं खुडावींत. एवढी नजर ठेवणें होत नसेल तर कुंपणावर अबोलीची रांगच बरी.

हीं फुलें देवाला चालतील काय, असें आणखी एकींनीं विचारलें आहे. गंध नसल्यामुळें मनाला रुचत नाहीं, हें समजण्यासारखें आहे. पण ज्या झेंडूवांचून दसऱ्याचें तोरण होत नाहीं तो मेक्सिकोकडचा, आणि गुलछडीही तिकडचीच. त्यांना आपण केव्हांच घरचीं मानलें. ज्यांच्या मनाला पटेल त्यांनीं खुशाल वाहावींत. आमच्या मतें रुडबेकियेची खरी शोभा पितळी तांब्यांत, बैठकीच्या खोलींत. पाणी रोज बदलल्यास आठवडाभर टिकते.

पुढील वर्षासाठीं बीं धरावयाचें तर दोन-चार चांगलीं फुलें शेवटीं न खुडतां झाडावरच वाळूं द्यावींत. मधला बोंडका काळा व कोरडा झाला कीं कागदावर चुरून काळें बारीक बीं वेगळें करावें आणि दोन दिवस सांवलींत वाळवावें. कोंकणच्या पावसाळ्यांत बीं दमटानें जातें, म्हणून घट्ट बुचाच्या बाटलींत तळाशीं भाजून गार केलेले मूठभर तांदूळ घालावे, वर कागदाच्या पुडींत बीं ठेवावें, आणि बाटलीवर नांव व साल लिहावें. नांव लिहितांना नुसतें 'सूझन' लिहूं नये.