मला चार वर्षं, ताईला सहा महिने

मी सॉफ्टवेअरवाला. कोड लिहायला चार वर्षं कॉलेजात शिकलो. गिरीजमधल्या मैत्रिणीनं बारावीनंतर बालविकास घेतला, तेव्हा ‘पोरं सांभाळायला डिग्री कशाला?’ असं मीच म्हणालो होतो. आता लाज वाटते.

कारण सरकारचंही तेच मत आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडीताईला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आहे; तेही काम सांभाळून, जमल्यास मोबाईलवर. ही सुरुवातीची फळी आहे म्हणे. मग पुढची कधी? तीन वर्षांचं मूल चावतं का, अचानक गप्प का होतं, हे डीटीएच चॅनेलवर कळतं?

आपल्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात नेली. १९७५च्या सरकारी योजनेनं अंगणवाडी उचलली. त्यामागचा अभ्यास मात्र उचलला नाही. ताईंना अजून पगार नाही, ‘मानधन’ आहे.

ताईंना भरपगारी रजा देऊन पूर्ण पदवी करू द्या, नंतर शिक्षकाचा पगार द्या. खर्च जास्त वाटत असेल, तर आधी माझ्या पगाराला मानधन म्हणून दाखवा.