देऊळ फिरले, शासनाचे दार केव्हा फिरणार?

औंढा नागनाथाच्या देवळाची कथा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळासमोरून उठवून मागच्या बाजूस धाडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले! चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतील न्याय उरतो. ज्याला दारापाशी येऊ दिले जात नाही, त्याच्याकडे दारानेच वळले पाहिजे. नामदेवांच्या नरसीचा वारसा सांगणाऱ्या या हिंगोली जिल्ह्यात, आणि अवघ्या महाराष्ट्रात, अपंग विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र नेमका उलटा न्याय आला आहे.

२०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. परीक्षेचे अर्ज आणि निकालही संकेतस्थळांवरच आले. शाळेचे दार आता संगणकाच्या पडद्यावर आहे. सेनगाव किंवा कळमनुरीच्या खेड्यातील मुलाचे तालुक्याचे हेलपाटे त्यामुळे वाचावेत, ही अपेक्षा रास्तच होती. पण दृष्टिहीन मुलाचे काय? पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते आणि ती मराठीही वाचते. मात्र परिपत्रक म्हणजे कागदाचे नुसते छायाचित्र असेल, अर्जातील रकान्यांना यंत्राला कळेल असे नाव नसेल आणि शेवटी ‘चित्रातील अक्षरे ओळखा’ असे फर्मान असेल, तर ती बिचारी काय वाचणार? ज्याचे हात माऊस धरू शकत नाहीत, त्याला केवळ कळफलकावर अर्ज पुरा करता येत नाही. कर्णबधिर मुलीसाठी ध्वनिचित्रफितीतील व्याख्यानाखाली शब्द नसतात. मग सेवा केंद्रात जाऊन आपला पासवर्ड आणि ओटीपी परक्याच्या हाती द्यायचा, वर त्याचे पैसेही मोजायचे! स्वावलंबनाचे धडे देणारे शासनच या मुलांना परावलंबी करीत आहे.

कायदा नाही म्हणून हे घडते, असेही नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती व तंत्रज्ञान सुगम करण्याचे बंधन शासनावर घातले. २०१७ च्या नियमांत संकेतस्थळांचे निकषही आले. परंतु नियमांची भाषा शिफारशीची राहिली. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक निकष करण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आणि शासनाने काय केले? ‘अपंग’ शब्द पुसून ‘दिव्यांग’ लिहिला, २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग काढला. नाव बदलले, दार मात्र तसेच राहिले!

खर्चाची सबब सांगितली जाते. चित्राला वर्णन देणे, रकान्याला नाव देणे, छायाचित्राऐवजी युनिकोड मजकूर चढवणे यांना तिजोरी रिकामी करावी लागत नाही. संकेतस्थळ बांधतानाच हे केले तर त्याचा भार नगण्य असतो. ‘असे विद्यार्थी कितीसे?’ हा दुसरा प्रश्न तर निर्लज्जपणाचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले. आणि ते मूठभर असते तरी हक्क डोकी मोजून वाटायचे नसतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अपंग विद्यार्थ्यांनी स्वतः वापरून ‘चालते’ असे म्हटल्याखेरीज शिक्षणविषयक कोणत्याही संकेतस्थळाच्या ठेकेदाराचे देयक चुकते करू नये. त्याच कायद्यातील जिल्हास्तरीय समितीने प्रवेशाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही तपासणी करून अहवाल जाहीर करावा. कसूर करणाऱ्यांवर कलम ८९ खालील दंड बसवावा. विद्यार्थी व शिक्षक संघटनांनी हा प्रश्न ‘अपंगांचा’ म्हणून सोडून न देता आपल्या मागणीपत्रकात घ्यावा.

ही मुले दया मागत नाहीत. आपला अर्ज आपल्या हाताने भरण्याचा हक्क मागत आहेत. औंढ्याला दगडी देऊळ फिरले म्हणतात. शासनाचे दार तर माणसांनीच बांधलेले आहे. ते फिरवायला चमत्कार नको, संघटित रेटा हवा.