संपादकीय : फवारणीचे विष



2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. पाठीवर पंप होता; बहुतेकांजवळ हातमोजे, मुखपट्टी नव्हती. वाऱ्यासवे हा फवारा लगतच्या वस्तीवरही उतरतो.

ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या विषाने बाहुल्या आकसतात, लाळ सुटते, श्वास कोंडतो. अॅट्रोपिन वेळेत मिळाल्यास जीव वाचू शकतो. म्हणून हे औषध आणि कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी तालुक्याच्या दवाखान्यातच हवी, अशी आमची मागणी आहे.

विषाचा व्यापार तथागतांनी उपासकांस वर्ज्य सांगितला. परदेशी स्थिरावलेल्या आम्हांस भूमिहीन बांधवांचा विसर पडणे शोभत नाही. गावी पैसे धाडताना एवढे अवश्य विचारावे : घरातून फवारणीला कोण जातो, आणि काय लेवून जातो?