फाशी दिल्यावर न्याय कोणास द्यावयाचा?

नाशिकनजीक ५ जून २००३ च्या रात्री एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसे प्राणास मुकली आणि घरातील मुलीवर बलात्कार झाला. कोणाही माणसाचे रक्त खवळावे असाच तो प्रसंग होता. परंतु त्या संतापाच्या भरात पुढे जे झाले त्याचा विचार थंड डोक्याने करणे अवश्य आहे; कारण त्यात आपली न्यायासने एकामागून एक चुकली.

पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा इसम पकडले. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ठाण्यातील समजूत रद्द करणारे कलम मात्र अद्याप कोणी लिहिलेले नाही. असो. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांस फाशी सांगितली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी पुन्हा सहाही जणांच्या गळ्यात फास अडकविला. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी आपला निकाल फिरवून सहाही जणांस निर्दोष सोडले!

ह्या दहा वर्षांत कोणता नवा पुरावा सापडला? आश्चर्य हे की, मुख्य गोष्ट आरंभापासून कागदावर होती. त्या रात्री जखमी होऊन वाचलेल्या स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार निराळेच इसम ओळखून दाखविले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही, त्यांच्यावर खटलाही भरला गेला नाही. आमच्या व्यापारी वाचकांस हे सांगावयास नकोच, की रोजकीर्दीत असलेली रक्कम खतावणीत चढलीच नाही तर ताळेबंद कितीही सुबक अक्षरात लिहिला तरी तो खोटाच. येथे तीन न्यायालयांनी तो ताळेबंद तपासून खाली सही केली, आणि त्या सहीची किंमत सहा माणसांचे प्राण ही होती.

"अखेर सुटले ना?" असे कोणी म्हणेल. सुटले, पण विलंब लागला म्हणून सुटले. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहावी, असा दंडक १९८० साली बच्चनसिंग खटल्यात घालून दिलेला असता १९९६ च्या रावजी खटल्यात तो डावलला गेला, आणि त्याच आधारावर २००९ चा हा निकालही उभा होता. तो निकाल होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने रावजी खटल्यातील तत्त्व चुकीचे ठरविले! त्या चुकीच्या तत्त्वावर दोन माणसे तोवर फासावर गेलीही होती. पुढे २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींस पत्रे लिहून अशा तेरा जणांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्यांत हे सहा जण होते. सुटकेच्या वेळी न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देवविली व कसूर करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. जवळजवळ सोळा वर्षांचा हा मोबदला! आणि त्या पाच जणांस कोणी मारले, हा प्रश्न ह्या सुटकेने सुटला नाही तो नाहीच.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ साली स्वीकारला आहे. त्याच्या चौदाव्या कलमात निष्पक्ष सुनावणीचा हक्क आहे, आणि ज्या खटल्यात तो पाळला गेला नाही त्यातील फाशी म्हणजे जीविताच्या हक्काचाच भंग होय, असे त्या करारावरील समितीने २०१८ साली स्पष्ट केले. तथापि तिच्याकडे नागरिकाने स्वतः दाद मागावी असा मार्ग आपल्या सरकारने खुला ठेवलेला नाही.

छळाचीही तीच कथा. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात घेऊ नये, हा १८७२ पासूनचा नियम २०२३ च्या साक्ष कायद्यातही आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली. मुंबईच्या २००६ च्या आगगाडी बॉम्बस्फोट खटल्यात त्याच कायद्याखाली २०१५ साली पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप झाली. उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी त्या कबुल्या फेटाळून शिक्षा रद्द केल्या, व छळाची तक्रार खरी धरली. सरकार वर गेले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतरत्र दाखला म्हणून धरू नये असे फर्माविले. छळ करून कबुली काढणाऱ्याने केवळ निरपराध्यास गोवले असे नव्हे, तर खऱ्या अपराध्यास अभय दिले, हे बॉम्बस्फोटात आप्त गमावलेल्यांनी तरी कोणास विचारावे?

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण अनुमती अद्याप दिलेली नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० साली लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत अडकले आणि मुदत संपून बुडाले. महाराष्ट्रातून लोकसभेत अठ्ठेचाळीस सभासद जातात. त्यांतील कोणी ते पुन्हा मांडील काय?